मिटलेले ओठ

"वेल्टाबाई, राग नका मानू, पण तुम्ही तोंड मिटून हात चालवा ना," सनिता म्हणाली. गायकवृंदात कुणीतरी खुदकन हसलं.

वेल्टाच्या अंगाचा तिळपापड झाला. सेसिस गावच्या या वृंदाला तिनंच गायला शिकवलं होतं, आणि समोर उभं राहून हातांनी इशारे देताना ती स्वतःही सोबत गायची. सनिताही तिच्याच हाताखाली वाढलेली. ती रीगाला जाऊन आवाजाचं शास्त्र शिकली आणि आता गावोगावच्या वृंदांना तेच शिकवत हिंडत होती. गाणं संपेतो या वृंदाचा सूर उतरायचा, त्यामुळे गाण्याच्या महोत्सवासाठीची निवड हुकणार अशी भीती होती. म्हणून वृंदाच्या मंडळानं सनिताला बोलावलं होतं.

आल्या दिवसापासून सगळे तिच्याभोवती गुळाला मुंगळे जमावेत तसे. प्रत्येकाचा 'आ' कसा निराळा पडतो, हे तिनं संगणकाच्या पडद्यावर दाखवलं, तर म्हातारे खर्जवालेसुद्धा लहान पोरांसारखे खूश. दर तालमीला पहिला गरम पाव वेल्टाला देणारी वृंदातली जिद्रासुद्धा आज डबा उघडून आधी सनिताकडे गेली. वेल्टानं ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"मी गाते म्हणून हे गातात," वेल्टा म्हणाली.

"तुमचा आवाज तुमच्याच डोक्यात घुमतो, बाई. मग समोरचा सूर उतरलेला कळणार कसा? आणि हे तुमच्याच मागे उतरतात."

"एवढी वर्षं सूर उतरला की जिद्राला बोल लावले मी. मागच्या रांगेत उभं केलं तिला."

"जाऊ द्या हो बाई," जिद्रा म्हणाली, "मागे भिंतीला टेकता येतं."

वेल्टानं पिशवीतली दुधाची गोळी तोंडात टाकली, ओठ मिटले आणि हात उचलले. गाणं संपल्यावर सनितानं सूर पडताळायचा काटा वाजवला. सूर तिथल्या तिथे होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याही सनिताकडे बघून.

निवडीच्या दिवशीही वेल्टानं गोळी तोंडात ठेवली. समोरून इतकं स्वच्छ गाणं येत होतं की तिचा ऊर भरून आला. पण तिच्या आवाजावाचून त्यांचं काहीच अडलं नव्हतं.

वृंदाच्या मागे, दाराशी, सनिता उभी होती. तिला गाण्यापासून अडवणारं कुणी नव्हतं. तिचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. वेल्टाला आजवर कुणाचा इतका हेवा वाटला नव्हता.

तिनं गोळी गालात सरकवली आणि शेवटच्या सुरासाठी दोन्ही हात वर केले.