फोकसचा आवाज

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण या कॅमेऱ्यानं फोटोकाकांना नऊ मिनिटंही सुखाची दिली नाहीत. सुनेनं मोठ्या कौतुकानं आणला होता. जुना दुकानदाराला देऊन त्याच्या बदल्यात हा, वजनाला निम्मा आणि अंधारातसुद्धा फोटो काढणारा. काकांनी तो डोळ्याला लावला, बटण अर्धं दाबलं आणि कान टवकारले. काही ऐकू येईना.

"याचा आवाज कुठाय गं?"

"कसला आवाज, बाबा?"

"फोकस झाला की पिप-पिप व्हायचं ते."

"ते या मॉडेलमध्ये ठेवलेलंच नाही. मी सगळा मेनू पालथा घातला. आता हिरवा चौकोन दिसतो की! त्या पिप-पिपचं काय एवढं?"

काय ते सांगायची सोय नव्हती. दोन वर्षांपूर्वी काकांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धुरकट डाग आला होता. ज्याच्याकडे पाहावं तेच पुसलं जायचं, कडेचं मात्र दिसत राहायचं. त्यामुळे चालताना ठेच लागत नसे आणि घरात कुणाला संशयही येत नसे. डॉक्टरांनी हात टेकले होते. उजेड कसा पडलाय ते काकांना चाळीस वर्षांच्या सवयीनं कळायचं आणि फोकस तेवढा जुना कॅमेरा कानात सांगायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली की आपल्याला घरी बसवतील, ही धास्ती. भल्या माणसाला भीतीही किती खोटं वागायला लावते!

दुपारी काकांच्या स्टुडिओत लायब्ररीतल्या बाई आल्या. स्टुलावर बसल्या आणि सरळच म्हणाल्या, "काका, उद्या सकाळी ऑपरेशन आहे. जबड्याचा डावा भाग काढणार आहेत. हा चेहरा आजचाच. एक चांगला फोटो हवाय."

"आज जमणार नाही" एवढंच काकांना म्हणायचं होतं, पण जीभ रेटेना. त्यांनी कॅमेरा उचलला. चौकोन कुठे बसलाय ते दिसत नव्हतं, म्हणून अंदाजानं चाळीस फोटो काढले. तोंडानं सवयीचं चालूच होतं: "छान. हनुवटी थोडी वर. वा, फार छान."

बाई तिथूनच दवाखान्यात दाखल व्हायला गेल्या.

संध्याकाळी सुनेनं फोटो कॉम्प्युटरवर उघडले. मागच्या पडद्याचा धागा न् धागा मोजून घ्यावा असा स्पष्ट, आणि त्याच्या पुढे बाईंच्या चेहऱ्याचा नुसता फराटा. चाळीसच्या चाळीस तसेच.

"बाबा, माझंच चुकलं," ती रडवेली होऊन म्हणाली. "कॅमेऱ्यातच खोट दिसते. बाईंना तसंच कळवते."

एक "हो" म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. काकांना मोह झाला, का होऊ नये? पण पोरीचा रडका आवाज ऐकवेना.

"कॅमेरा चांगला आहे गं. खोट माझ्या डोळ्यांत आहे. दोन वर्षं झाली."

सुनेनं डोळे पुसले. "भांडायचंय मला तुमच्याशी, पण नंतर. भेटायची वेळ सहाला संपते. चला."

बाई खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. काकांनी काही लपवलं नाही. सगळं ऐकून बाई म्हणाल्या, "मग तुम्ही छान, छान कुणाला म्हणत होतात?"

काकांनी मान खाली घातली. "माफ करा," ते म्हणाले.

"काढा आता," बाई म्हणाल्या.

काकांनी कॅमेरा सुनेच्या हातात दिला. खिडकीचा पडदा हाताच्या रुंदीएवढा सारायला लावला, बाईंना जरा तिरकं बसवलं. सुनेनं चौकोन नीट पाहून सात फोटो काढले. बाईंनी शेवटचा बराच वेळ पाहिला. "हीच मी," त्या म्हणाल्या आणि कॅमेरा सवयीनं काकांपुढे धरला. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो हळूच खाली घेतला.

"बसा इथे," बाई म्हणाल्या. "मीच सांगते. भुवया जाड आहेत, आईसारख्या. डाव्या गालाला खळी पडते, फक्त डाव्या. तिच्या खाली एक तीळ आहे. हसले की तो वर सरकतो."

काका ऐकत होते. नर्स वेळ संपल्याचं सांगायला दोनदा येऊन गेली, पण बाई हनुवटीपर्यंत पोहोचल्याशिवाय थांबल्या नाहीत.