बारीक अक्षरातलं ‘नाही’

धाकटीने ‘३४’ हा आकडा माउसने उचलला, पानाच्या मध्यावरून डावीकडे नेला, थोडा मोठा केला आणि खुर्ची मागे सरकवून त्याच्याकडे बघत राहिली. आकडा आता चांगला ऐसपैस बसला होता. त्याच्या शेजारी तिच्या थोरल्या बहिणीचा फोटो होता, आणि फोटोखाली काय लिहायचं हे सकाळपासून ठरत नव्हतं.

गाण्याबजावण्याला वाहिलेल्या त्या मासिकात ती अकरा वर्षं अनुक्रमणिकेचं पान मांडत होती. घरी ती धाकटी. कचेरीत सगळे तिला अनुक्रमणिकाबाई म्हणत. बाकीची नव्वद पानं इतर लोक लावत, हे एक पान तिचं. लोकांना वाटतं, अनुक्रमणिका म्हणजे कोणता लेख कुठे आहे त्याची यादी. तेवढंच असतं तर त्यासाठी वेगळं माणूस कशाला ठेवलं असतं? स्टॉलवर उभा असलेला माणूस मुखपृष्ठ उलटतो, या पानावर सातएक सेकंद रेंगाळतो आणि अंक घ्यायचा की परत ठेवायचा ते तिथेच ठरवून टाकतो. त्या सात सेकंदांवर धाकटीची नोकरी चालत होती. फोटोतला माणूस पानाच्या आत बघणारा हवा. बाहेर बघणारा असला तर वाचकही त्याच्यामागोमाग बाहेर जातो. नेहमीची सदरं तळाला, बारीक अक्षरांत. ती घरची माणसं, त्यांना बोलावणं लागत नाही. आणि मुख्य लेखाच्या आकड्यापाशी चार-पाच शब्दांची एक ओळ, जिला कचेरीत चिमटा म्हणत. चिमटा बसला पाहिजे, पण वळ उठता कामा नये.

दोन वर्षांपूर्वी वळ उठला होता. ताईच्या घशाची शस्त्रक्रिया झाली, ठरलेले कार्यक्रम रद्द झाले आणि मासिकाने त्यावर पानभर मजकूर छापला. ‘आवाज रुसला’ हा चिमटा धाकटीने काढला होता, आणि तेव्हा तो तिला फार आवडलाही होता. ताई तीन महिने तिच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, की रुसायला तो काय लहान मूल आहे? धाकटीला ते तीन महिने अजून आठवत. सख्ख्या बहिणीचा अबोला इतका लांबू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांच्या मते आवाज निम्मा परत आला होता. निम्मा आवाज लोकांना ऐकवायचा नाही, असं ताईने ठरवलं. लोक मात्र ऐकायला तयार नव्हते. आयोजकांचे फोन येत, जुने श्रोते रस्त्यात अडवत, आणि तेच ते उत्तर देऊन भावोजींचाच घसा बसायची वेळ आली. शेवटी ताई मुलाखतीला तयार झाली ती एकाच अटीवर: आपलं ‘नाही’ नीट छापायचं. एकदा छापून आलं की लोक विचारायचे थांबतील. ही अट तिने मुलाखत घेणाऱ्याला नाही, धाकटीला फोन करून घातली होती. या वेळी तरी, असं ती म्हणाली नाही, पण धाकटीला ते ऐकू आलं.

मुलाखतीतलं शेवटचं वाक्य होतं, ‘मी पुन्हा गाणार नाही.’ धाकटीने तेच उचलून एका ओळीत, एका आकारात फोटोखाली ठेवलं. तेवढ्यात संपादक पाठीमागे येऊन उभे राहिले. माणूस वाईट नव्हता. अंकाचा खप घटायला लागल्यापासून त्यांची झोप उडाली होती, इतकंच. ते म्हणाले, हा चिमटा नव्हे, हे तर वाचकाच्या तोंडावर दार लावून घेणं झालं. गाणारच नाही म्हटल्यावर आतली चार पानं कोण वाचेल? मग त्यांनी उपायही सुचवला. वाक्य तेच ठेवायचं. फक्त ‘मी पुन्हा गाणार’ एवढं मोठ्या टाइपात घ्यायचं, आणि ‘नाही’ खालच्या ओळीत न्यायचं. लहान आणि राखाडी.

“एक अक्षर खोटं नाही त्यात,” ते म्हणाले.

नव्हतंच, आणि तीच तर पंचाईत होती. धाकटीने दोन्ही पानं छापून काढली, समोरच्या भिंतीवर शेजारी-शेजारी टाचली आणि सहा पावलं मागे गेली. ही तिची जुनी परीक्षा. सहा पावलांवरून जे वाचता येतं तेच अंक विकतं, बाकीची नुसती शाई. पहिल्या पानावर ताई गाणार नव्हती. दुसऱ्यावर ते राखाडी ‘नाही’ कागदात विरून गेलं होतं आणि ताई गाणार होती. पान म्हणून दुसरंच चांगलं होतं. अकरा वर्षांत जमलेल्या मोजक्या पानांपैकी ते एक होतं, आणि हे आपल्याला कळावं याचा तिला राग आला.

ताईला दाखवल्याशिवाय पान जाणार नाही, असं तिने सांगून टाकलं. संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं. दीड वाजला होता, आणि छापखान्याला पाचला फाइल हवी होती. जा म्हणाले, पण दोन्ही पानं ने, असंही म्हणाले.

बसमध्ये तिने फोल्डर मांडीवर धरून ठेवलं होतं. मोठ्या अक्षरांचं पान तिने खाली घातलं. ते दाखवायचंच नाही, आणि परत जाऊन ताईला आवडलं नाही म्हणून सांगायचं, असं तिने दोन थांब्यांच्या आत ठरवलं. संपादक चिडले तर चिडले. नोकरी जाईल, असंही एकदा मनात आलं, आणि ते तिने तसंच राहू दिलं.

दार भावोजींनी उघडलं. ताई आत मटार सोलतेय म्हणाले, आणि लगेच तक्रारीवर आले. हल्ली स्वयंपाकघरात गेली की दार लोटून घेते आणि नळ धो धो सोडते. टाकी रिकामी होते, पण बाईंना सांगणार कोण? आतून पाण्याचा आवाज खरंच येत होता, आणि त्याच्या आड गुणगुणल्यासारखं काहीतरी. धाकटीने दार ढकललं तसं दोन्ही थांबलं.

ताई नळापाशी उभी होती. नळाखाली एकही भांडं नव्हतं, आणि तिचे हात कोरडे होते. मटारच्या शेंगा टेबलावर तशाच पडल्या होत्या, जेमतेम मूठभर सोललेल्या.

“चाहूल न देता येतेस,” ताई म्हणाली. तिचा आवाज आता खरखरीत झाला होता आणि वाक्याच्या शेवटी खाली बसायचा.

धाकटी फोल्डर उघडायला गेली, पण ताईने ते सरळ हातातून काढून घेतलं. लहानपणापासून धाकटीच्या हातातल्या वस्तू ती अशाच घेत आली होती. फोल्डर उलटं उघडलं गेलं आणि खालचं पान वर आलं. चष्मा बाहेरच्या खोलीत राहिला होता. ताईने कागद हाताच्या अंतरावर धरला.

“मी पुन्हा गाणार,” तिने वाचलं.

ही ओळ कचेरीत तिने आणि संपादकांनी वाचली होती, पण इतक्या हळू कोणी वाचली नव्हती.

“ते नको बघू. ते संपादकांचं आहे. दुसरं बघ.”

ताईने कागद खाली ठेवला नाही. चष्मा आण, म्हणाली.

धाकटी बाहेर गेली. चष्मा वर्तमानपत्राखाली सापडला. यावेळी नीट छापलंय ना, असं भावोजींनी हळूच विचारलं, म्हणजे एकदाचे ते फोन तरी थांबतील. धाकटीने मान हलवली. त्यांनी तिचा अर्थ हो असा घेतला.

ताईने चष्मा लावला आणि कागद जवळ घेतला. तिचा अंगठा ओळीवरून सरकत गेला, खाली उतरला आणि राखाडी शब्दापाशी थांबला. मग धाकटीने सगळं एका दमात सांगून टाकलं. संपादक काय म्हणाले, सहा पावलांवरून काय दिसतं, पाच वाजता पान कसं जायचं आहे.

“तुझी अट माझ्या लक्षात आहे, ताई. मी दुसरंच पाठवणार आहे. तू म्हण, हे आत्ता फाडते.”

ताईने दुसरं पान ओढून घेतलं. एका ओळीत, एका आकारात, सांगितलं होतं तसं. हे अगदी बरोबर आहे, असं ती म्हणाली. मग ते टेबलावर पसरलं आणि मटारची सालं हाताने गोळा करून त्यावर लोटली. राखाडी ‘नाही’चं पान तिने उचललं, ओट्यावरच्या बरणीला टेकवून उभं केलं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे जायला लागली. स्वयंपाकघर लहान होतं. चार पावलांतच तिची पाठ भिंतीला लागली.

तिथून ती बराच वेळ बघत राहिली. बाहेर फोन वाजला, आणि भावोजींचं नेहमीचं उत्तर ऐकू यायला लागलं.

“इथून दिसतंय अजून,” ताई म्हणाली.

“काय?”

“ते ‘नाही’. आणखी बारीक होईल का?”

धाकटीने घड्याळ पाहिलं. पाचाला अजून अवकाश होता.

“होईल,” ती म्हणाली.