बरण्यांची झाकणं

२०१५च्या पावसाळ्यात हर्षदानं तलासरीच्या घरी, ओसरीवर, लोणच्याच्या दोन बरण्यांत बेडकाची पिल्लं वाढवली. बेडूक मोठा होताना त्याची शेपटी तुटून पडत नाही, तिच्या पेशी ठरल्या वेळी स्वतःच मरतात. कॅस्पेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या पेशींत आधीपासून निजलेलं असतं. ते कापलं गेलं की जागं होतं आणि आतली प्रथिनं कापत सुटतं. एका बरणीत साधं पाणी होतं, दुसरीत या विकराला अडवणारं औषध. नावं तिनं रंगानं झाकणांवर लिहिली होती.

शेपट्या मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासून तिनं निकालाचा फोटो काढला, तर निकाल उलटाच. औषधाच्या बरणीतच कापलेलं विकर जास्त!

घरी तिची आई चिमी तांदूळ पाखडत होती. "झाकणं मीच धुतली गं. उलटसुलट बसली असतील. बेडकांना कुठं वाचता येतंय?"

हर्षदानं बरण्यांच्या पोटावर नावं लिहून प्रयोग पुन्हा केला, दोनदा. निकाल सरळ आला. ती सांगायला गेली, तोवर तिच्या मार्गदर्शकांनी, तुषार सरांनी, तो जुना फोटो नवा शोध म्हणून छापला होता. फक्त स्वतःच्या नावानं.

"पिल्लं पकडणं म्हणजे संशोधन नव्हे," ते म्हणाले.

झाकणांचं तिनं सांगितलंच नाही. तीन वर्षं जपून ठेवलं.

२०१८ साली ती डहाणूच्या ज्या महाविद्यालयात शिकवत होती, तिथंच सर व्याख्यानाला आले. पडद्यावर तोच फोटो. हर्षदा उठली.

"सर, बरण्यांवर नावं कोणी लिहिली?"

"मीच."

"पिल्लं रोज कोण बघायचं?"

"मीच. हे काम पहिल्यापासून माझ्या एकट्याचं आहे."

ते वाक्य सगळ्यांच्या कानांत नीट उतरू दिल्यावर तिनं पिशवीतून दोन झाकणं काढून टेबलावर ठेवली, शेजारी नंतरच्या प्रयोगांचे फोटो. काय घडलं ते शांतपणे सांगितलं. "म्हणजे झाकणांची अदलाबदलही तुमच्याच हातून झाली ना?"

सभागृहात कुजबुज सुरू झाली. सरांनी रुमाल काढला. "ती... ती चूक माझी नाही. प्रयोग एका विद्यार्थिनीनं केला होता."

"तिचं नाव?"

सर पुटपुटले.

"मोठ्यानं, सर. शेवटच्या रांगेत माझी आई बसलीय."

सरांनी माईक जवळ घेतला आणि तिचं पूर्ण नाव उच्चारलं.

"ऐकू नाय आलं!" मागून चिमी ओरडली.

तिचे कान चांगले तिखट होते.