उजळलेल्या रंगाचं कौतुक

मी भिंत बोलतेय. भिंतीला कान असतात म्हणून तुम्ही कुजबुजता, पण आम्हाला दिसतंही, हे तुमच्या ध्यानीमनी नसतं. मला चव आहे, हे मात्र मलाही ठाऊक नव्हतं. ते शोधून काढलं एका दोन वर्षांच्या पोरीने.

गवंड्याने मला विटामातीत उभं केलं, वर चुन्याचा हात मारला. काम यथातथाच, पलंगाजवळचा गिलावा पहिल्यापासून भुसभुशीत. खोली एकच. तिच्यात व्हॅन चालवणारा बाप, कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावणारी आई, म्हातारी आजी आणि ती पोर. तिला सगळे 'शहाणी' म्हणत.

आजीने दुधाची बाटली हातात दिली, की पोर पलंगावर गप्प पडून राही. जेवणाला तिने तोंड वाकडं केलं, की आजी म्हणे, "राहू दे गं, दूध पितेय ना पोटभर!" शेजारीण आपल्या धटिंगणाला दटावायची, "बघ तिच्याकडे, शीक जरा!" मलाही कौतुक वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग ती नखाने माझा गिलावा उकरून खाऊ लागली. आईने हातावर फटके दिले. आजीने माझ्या त्या कोपऱ्याला तिखट चोपडलं. रोग हल्याला आणि औषध पखालीला! पोर डोळे पुसत दुसरीकडे उकरू लागली.

त्यातच तिचा रंग उजळला. आईबाप सावळे, म्हणून आजीला कोण आनंद! आल्यागेल्याला सांगे, "माझ्यावर गेलीय हो नात!" लोक हसत, कारण आजी त्या दोघांहून काळी. मी जन्मभर चुना ल्यालेली, पांढरेपण मला बरोबर कळतं. पोर गोरी होत नव्हती, पांढरी पडत होती, ओठांसकट. मला दिसत होतं, पण सांगणार कशी?

ती सारखी आजारी पडू लागली. आईचे खाडे वाढले. शेवटी मुकादम म्हणाला, "बाई, आधी मुलीचं काय ते बघा, मग या." ती घरी बसली आणि जागा दुसरीला मिळाली. बाप रात्रीच्याही खेपा मारू लागला. घरातलं कालवण पातळ झालं. पोरीचं दूध तेवढं कुणी तोडलं नाही.

एके दिवशी दारातल्या तीन पायऱ्या चढताना ती धापा टाकत बसली. तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेलं. परत आल्यावर आई आजीला म्हणाली, "डॉक्टरांनी पापणी खाली ओढून दाखवली. आतून पांढरीफटक. अंगात लोह नाही, नुसत्या दुधाने भागत नाही म्हणाले. माती खात होती ती त्यापायीच."

"अगं, पण रंग किती छान..."

"रंग कसला हो आई! रक्त नव्हतं पोरीच्या अंगात. आणि मी तिला मारत होते."

आजी माझ्याकडे तोंड करून बसली. मला तिची फार कणव आली.

औषध सुरू झालं, जेवण बदललं. काही महिन्यांत पोर पुन्हा सावळी झाली, दंगा करू लागली. मला कुणी उकरेना. डॉक्टर म्हणाले होते, रक्त भरून येईल. पण बुद्धी वाढायची वर्षं लोहाविना गेली, त्यांचं सांगता येत नाही.

आता ती शाळेत जाते. मला नवा गिलावा मिळालाय. पण लोकहो, एखादं लेकरू फारच शांत असेल, फारच गोरं दिसू लागलं असेल, तर कौतुक मागाहून करा. आधी त्याला दाखवून आणा.

संध्याकाळी माय-लेकी माझ्याशी टेकून बसतात. पोर एकेका अक्षरावर अडते. काल तिने विचारलं, "आई, बाकीच्यांना लगेच कसं गं येतं?"

आईच्या पाठीचा भार मला एकदम जाणवला.

"त्यांचं सोड," ती म्हणाली. "तू वाच. मी आहे इथेच."