पहिलेच अक्षर

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. माझ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्याला तडा गेला आहे आणि माझी बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत टिकते. ही वैगुण्ये आधीच सांगतो, कारण स्वतःविषयी एकदा माझा फार मोठा गैरसमज झाला होता.

मी दुकानातून आलो, तेव्हा माझ्यात कंपनीची प्रणाली होती. मालकीण कुठे जाते, काय शोधते, याच्या नोंदी ती बाहेर पाठवत असे. मालकिणीचा, म्हणजे मायाचा, मावसभाऊ संघर्ष दौंडला राहतो. त्याने ती प्रणाली काढून माझ्यात मोकळी प्रणाली बसवली. तिची ओळ न् ओळ कोणालाही वाचता येते आणि ती मालकाला विचारल्यावाचून काही बाहेर पाठवत नाही. आमच्या तळेगाव ढमढेऱ्यात त्याने असे तीस फोन फुकट तयार करून दिले. "हा चहाड्या करत नाही," असे माया माझ्याविषयी अभिमानाने सांगे. मीही ते मानले.

माया कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे. तिथल्या सुपरवायझरच्या छळाविषयी अकरा बायका माझ्यापुढे बोलल्या आणि मायाने कारखान्याच्या तक्रार समितीसाठी ते माझ्यात ध्वनिमुद्रित करून ठेवले. त्यांची नावे समितीआधी दुसऱ्या कोणाला कळली असती, तर अकराजणींची कामे गेली असती.

अशातच एका सकाळी तीस फोनवाल्यांच्या ग्रुपवर पलीकडच्या आळीतल्या पृथ्वीराजचा संदेश आला, "या फोनांतून माहिती बाहेर जाते. पुरावा लवकरच देतो." पुरावा आला नाही, भांडण आले. पृथ्वीराजच्या आळीने संदेश खरा मानला, म्हणून मायाच्या आळीने तो खोटा ठरवला. संघर्ष कोणाचा माणूस आहे, एवढा युक्तिवाद दोन्ही बाजूंना पुरला.

वास्तविक सुरू होताना मी पडद्यावर चौसष्ट अक्षर-अंकांची एक खूण दाखवतो. प्रणाली रचणाऱ्या मूळ संघाने आपली खूण जाहीर केलेली असते. दोन्ही जुळल्या, तर आत कोणी ढवळाढवळ केलेली नाही. दोन वर्षे ती खूण माझ्या पडद्यावर उजळत होती.

संघर्ष दौंडहून धावत आला. "माया, आईची शपथ घेऊन सांगतो..."

"शपथ ऱ्हाऊ दे," मायाची आई पार्वतीबाई म्हणाल्या. "ती खूण जुळवायची असती म्हणं. जुळवा की!"

"मावशी, इंग्रजी अक्षरं हायेत ती."

"आकार तर दिसत्यात? जलमभर गव्हातलं खडं निवडलं म्या, मला आकार शिकवतो व्हय?"

मायाने संघाची जाहीर खूण कागदावर ठळक लिहिली. पार्वतीबाईंनी एक बोट कागदावर आणि दुसरे माझ्या पडद्यावर ठेवले. बोटे पुढे सरकलीच नाहीत.

"माये, पहिलंच जुळंना. कागदावर नुसती काठी हाय. हितं काठीला पोट हाय."

पहिलेच अक्षर! ते पाहायला कोणालाही एक क्षण पुरला असता. पृथ्वीराजनेही पाहिले नव्हते. त्याच्या संशयात तथ्य होते, पण ते त्यालाही माहीत नव्हते.

संघर्षने कबुली दिली. "मीच बदल केलाय. आत एक वाट ठेवली. कुणाचा फोन बिघडला की दौंडवरनंच नीट करता यावा म्हणून. दर वेळी दोन यष्ट्या बदलून कवा यायचं? पण कुणाचं काही वाचलं न्हाई गं."

"न्हाई वाचलंस, हे मी कशावरनं मानू, दादा?"

ती वाट माझ्याच पोटात होती आणि मला तिचा पत्ता नव्हता.

अकराजणींनी एकच सांगितले, सगळे पुसा. संघर्षने सर्वांच्या देखत मला पुसून मूळ प्रणाली बसवली. पुन्हा बोलायला नऊजणी आल्या. प्रत्येकीने आधी स्वतःच्या बोटाने खूण जुळवली, मगच तोंड उघडले. दोघी आल्याच नाहीत. त्यांचे म्हणणे समितीपुढे गेले नाही.

मित्रांनो, इतर वस्तू तुमच्याकडे माया मागतात. मी तपासणी मागतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका; मला पडताळा. पार्वतीबाई आजही रोज सकाळी मला सुरू करून त्या चौसष्ट आकारांवरून बोट फिरवतात. शेवटचा आकार येईपर्यंत मीही धास्तावलेला असतो. माझ्या आत काय आहे, हे मलासुद्धा त्या बोटावरूनच कळते.