माझे दात काढले तेव्हा

मी घडीचा चाकू बोलतोय. बोलणं जरा कडवट वाटेल, पण सांभाळून घ्या. सवतीमत्सर फक्त माणसांनाच असतो असं थोडंच आहे?

कारखान्यातून निघालो तेव्हा माझं पातं टोकाकडे गुळगुळीत आणि मुठीकडे दातेरी होतं. एका ट्रकवाल्यानं मला घेतलं. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणतो. एकदा माल उतरवताना गठ्ठा घसरला आणि दोराचा फास दादाच्या मनगटावर आवळला. बोटं काळीनिळी पडली. त्यानं दुसऱ्या हातानं मला कसंबसं उघडलं आणि माझ्या दातांनी तो जाड दोर करकरत तोडला. हात वाचला, मनगटावर वळ मात्र कायमचा राहिला. तेव्हापासून दादा मला उशाशी घेऊन झोपायचा.

पुढे दादाची नजर अधू झाली. दादानं ट्रक सोडला आणि मला बहिणीच्या हाती दिलं. ताईची रोपवाटिका होती. ती गुलाबावर कलमं करायची. एका रोपाचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, अलगद सोलून दुसऱ्याच्या सालीत बसवायचा, असलं नाजूक काम. त्याला जोर मुठीजवळच्या धारेचा लागतो, आणि माझे दात नेमके तिथेच! साल फाटायची, डोळा सुकायचा.

मग ताईच्या नवऱ्यानं तिला नवा चाकू आणून दिला. सरळ धारेचा, लाकडी मुठीचा. ताई त्याला तेल लावायची, मऊ फडक्यात गुंडाळायची. मी खताच्या गोण्या उघडायचो आणि तिथेच मातीत पडून राहायचो. एकदा तो तिच्या हातून दगडावर पडला. मी मनोमन म्हटलं, मोडला एकदाचा! मेल्याला ओरखडासुद्धा नाही.

एके दिवशी दादा आला. मी गोणीवर, गंज चढलेला. तो मला उचलून पुसत राहिला. ताईला कानकोंडं झालं.

"दादा, तुझी आठवण म्हणून जपलाय रे. पण त्याचे दात साल फाडतात."

"मग दात काढून टाकू."

"अरे, त्याच दातांनी तुझा हात वाचवला! खूण आहे ती."

"खूण माझ्या हातावर आहे की. चाकूला कशाला हवी?"

धारवाल्यानंही आधी टाळाटाळ केली. "पातं अरुंद होईल काका. दात परत लावता येणार नाहीत."

"हात राखून घास," दादा म्हणाला आणि समोरच स्टूल ओढून बसला.

चाक फिरलं. ठिणग्या उडाल्या, पातं तापलं की पाण्यात बुडवायचं, पुन्हा चाकावर. एकेक दात जात होता आणि मला रडू येत होतं. शेवटी ओल्या दगडावर धार लागली. मी बारीक झालो होतो, मिटलो की मुठीत पार आत दडायचो.

ताईनं त्याच संध्याकाळी एक डोळा सोलला. साल कुठेच फाटली नाही. "लोण्यासारखा चालतोय रे!" ती ओरडली. दादानं तोंड फिरवून डोळे पुसले.

इथेच थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो. पण तेवढ्यात दादानं त्या नव्याला उचललं, अंगठ्यावर धार पाहिली आणि म्हणाला, "हाही छान आहे गं." दात गेले तेव्हा दुखलं नाही इतकं ते लागलं!

आता ताईच्या एका खिशात तो असतो, दुसऱ्यात मी. दरवेळी धार लावताना मी थोडा झिजतो. झिजू दे. तुमच्या घरी एखादा जुना चाकू पडला असेल तर त्याला हातात घ्या, डब्यात ठेवू नका. डब्यात ठेवायचंच असेल, तर आमच्याकडे तो लाकडी मुठीचा आहे ना, त्याला न्या.