निनेलबाईंच्या रजेचं कारण

"माझ्या खोक्यात पुन्हा बिस्किटाचा चुरा! नोंदी आहेत त्या, चिमण्यांचं दाणापाणी नव्हे," शेजारच्या टेबलावरून निनेल याकोवलेव्ना पुटपुटल्या. मी हातातलं बिस्कीट मुकाट्यानं खिशात टाकलं.

त्यांच्यापुढे रजेचा अर्ज होता. मुलगा ग्लेब दक्षिणेकडच्या लष्करी इस्पितळात, पाय दुखावलेला. गाडी चार दहाची. सगळं भरून झालं होतं. 'कारण' तेवढं कोरं होतं.

आमचं शब्दकोशाचं ऑफिस. जुन्या ग्रंथातल्या उताऱ्याची चिठ्ठी जोडल्याशिवाय इथे कुणी साधा 'मुळा'सुद्धा लिहीत नाही. पण जो एक शब्द लिहिला की हल्ली माणसाला पकडून नेतात, त्याच्या चिठ्ठ्यांच्या खणावर तीन वर्षांपूर्वी कुणीतरी जिरॅनियमची कुंडी ठेवली. तेव्हापासून आम्ही सगळे तिला पाणी घालतो. उचलत कुणीच नाही.

"सापडला!" आमचे साहेब इनोकेंती ल्वोविच शिडीवरूनच ओरडले. "'रात्य' लिहा! मुळात अर्थ धडक, भांडण. संस्कृतातल्या 'समर'शी लांबचं नातं सांगतात. पुढे लढाई, आणि मग लढणारं सैन्यच. आठशे वर्षांचा म्हातारा शब्द! त्याला कोण पकडायला येतंय?"

त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं: 'मुलगा रात्यात जखमी.' मठांच्या बखरींतले तीन उतारे टाचले आणि आम्ही तिघं खाली आस्थापनेच्या खिडकीशी गेलो. साडेतीन वाजले होते.

खिडकीत झिनाईदा. तिनं एकेक चिठ्ठी उलटून पाहिली.

"पुरावा बाराव्या शतकातला दिसतो. मुलगा किती वर्षांचा?"

"बावीस," निनेलबाई म्हणाल्या.

"मग अर्ज आठशे वर्षं उशिरा आलाय."

"अहो, मग दुसरा अर्थ धरा ना," साहेब खिडकीत डोकं घालून म्हणाले. "सैन्य!"

"सैन्यात जखमी? कशानं?"

साहेब छताकडे बघायला लागले. मीही बघितलं. ओल आलीय तिथे.

"बरं, तिसरा. भांडण."

"भांडणात पाय मोडला असेल तर पोलिसांचा कागद लागेल." झिनाईदानं आवाज उतरवला. "निनेल याकोवलेव्ना, राणी, मला कळत नाही का? पण रकान्यात काहीतरी बसायला हवं. 'घरगुती अडचण' लिहू? पण त्याला एकच दिवस मिळतो."

"जायलाच दोन दिवस लागतात."

"'पायाचा आजार'?" मी सुचवलं.

"कुठला आजार?" झिनाईदानं विचारलं.

साहेब चिठ्ठ्या चाळू लागले. चौथा अर्थ असावा, असं त्यांना वाटत होतं. घड्याळात पावणेचार झाले.

निनेलबाईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, 'रात्य'वर काट मारली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या, "युद्ध. माझा ग्लेब युद्धावर होता, झिनाईदा. आणि पाय दुखावला नाहीये त्याचा. पाय नाहीये."